फर्निचर, लाकडी : घरगुती जुळणी व निगा

पलंग, मेज, खुर्ची, कपाट, मांडणी, चौरंग, झोपाळा इ. लाकडी वस्तूंचे सुटे भाग जोडून त्या उभ्या करणे आणि वापरात असेपर्यंत त्यांचे सांधे, पृष्ठभाग व लाकूड सुस्थितीत राखणे, या घरगुती कामांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. लाकूड कापणे, रंधणे व घडविणे ही कामे सुतारकामात मोडतात [⟶ सुतारकाम].

जुळणी आणि निगा ही दोन वेगळी कामे समजली जातात. पहिले एकदाच करून संपणारे, तर दुसरे फडक्याने धूळ पुसण्यापुरते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. झाड तोडल्यानंतर कितीही वर्षे लोटली, तरी लाकूड हवेतील ओलावा घेत व सोडत राहते आणि त्याबरोबर फुगते व आकसते. सांधा कसा जोडावा, सरस कोठे लावावा व कोठे मुळीच लावू नये, पॉलिश कोणत्या ऋतूत करावे, अडकलेला खण रंधावा की नाही, या प्रश्नांची उत्तरे लाकडाच्या या हालचालीतून मिळतात. घरातील चांगले फर्निचर वापराने झिजून निकामी होण्यापेक्षा ही हालचाल न ओळखता केलेल्या दुरुस्तीनेच अधिक बिघडते.

लाकूड व ओलावा : ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी दोन प्रकारे असते. पेशींच्या पोकळ्यांतील मोकळे पाणी प्रथम निघून जाते. त्यामुळे वजन घटते, परंतु आकारमान बदलत नाही. पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या २५ ते ३० टक्क्यांपर्यंत उतरले, म्हणजे पेशीभित्तींत मुरलेले पाणी बाहेर पडू लागते व लाकूड आकसू लागते. हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. उभ्या तंतूंच्या दिशेने ते ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे व्यवहारात नगण्य असते. वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने ते सर्वांत जास्त व त्रिज्येच्या दिशेने त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. सागवान हे या बाबतीत शांत लाकूड समजले जाते. ओल्या स्थितीपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत ते त्रिज्येच्या दिशेने सु. २.५ टक्के, तर स्पर्शरेषेच्या दिशेने ५ ते ६ टक्के आकसते. फळी लांबीने घटत नाही, पण रुंदीने घटते, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे बरेच काही समजते.

वाळवून तयार केलेले लाकूडही हवेशी समतोल साधत असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असता लाकडातील पाणी कालांतराने सु. ६ टक्क्यांवर, ६५ टक्के असता सु. १२ टक्क्यांवर आणि ८५ टक्के असता १७–१८ टक्क्यांवर स्थिरावते. महाराष्ट्रात हा फरक बराच मोठा आहे. विदर्भात एप्रिल–मे महिन्यांत दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. कोकणपट्टीत जुलै–ऑगस्टमध्ये ती आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. नागपुरात उन्हाळ्यात घडविलेले मेज रत्नागिरीस नेले, तर ते पहिल्याच पावसाळ्यात रुंदावणार हे ठरलेले असते. ९० सेंमी. रुंदीच्या सागवानी मेजफळ्यात पाण्याचे प्रमाण ८ वरून १४ टक्क्यांवर गेले, तर फळ्या कोणत्या दिशेने कापल्या आहेत त्यानुसार त्याची रुंदी ५ ते १० मिमी. वाढते. हा फळा खालच्या चौकटीस सर्व बाजूंनी स्क्रू मारून वा सरस लावून जखडला असेल, तर फळा तरी कमानतो किंवा चौकटीचा सांधा तरी उखडतो. आणि कोरड्या दिवसांत तो आकसू लागला, म्हणजे जखडल्यामुळे आकसता न येऊन फाटतो. लाकूड वाईट निघाले, असा दोष बहुधा त्या वेळी विक्रेत्यास दिला जातो.

पॉलिश, व्हार्निश किंवा रंग यांमुळे ओलाव्याची ही ये-जा थांबते, असा समज आहे. तो बरोबर नाही. लेपामुळे ती मंदावते, एवढेच. त्यामुळेच मेजाचा फळा वरून चकचकीत व खालून कोरा ठेवणे ही चूक ठरते. खालच्या बाजूने ओलावा लवकर शिरतो व फळा एका अंगाने वाकतो. न दिसणाऱ्या बाजूसही निदान एक-दोन हात देणे आवश्यक असते.

पारंपरिक सांधे : जुन्या सुतारांनी ही हालचाल मोजली नव्हती, परंतु ती पुरती ओळखली होती. दिल्हेदार दाराची रचना याचे उत्तम उदाहरण आहे. दाराची चौकट उभ्या-आडव्या अरुंद पट्ट्यांची असते, त्यामुळे तिची रुंदी फारशी बदलत नाही. मधला रुंद दिल्हा मात्र चौकटीच्या खाचेत केवळ बसविलेला असतो, चिकटविलेला नसतो. खाचेत राखलेल्या जागेत तो पावसाळ्यात फुगतो व उन्हाळ्यात आकसतो. अशा कपाटाची दुरुस्ती करताना दिल्हा हलतो म्हणून त्याच्या कडांना सरस भरणे म्हणजे तो फाटण्याची सोय करणे होय. कोरड्या दिवसांत आकसलेल्या दिल्ह्याच्या कडेने पॉलिश न लागलेली फिकट रेघ दिसते. तो दोष नसून रचना योग्य असल्याची खूण आहे.

चौकटीच्या सांध्यांत खाच व कुसू हा सांधा सर्वांत महत्त्वाचा. एका भागाच्या टोकाशी कोरलेले कुसू दुसऱ्या भागातील खाचेत घट्ट बसते. त्यात आडवी लाकडी खुंटी किंवा पाचर मारल्यास सरसाशिवायही सांधा टिकतो. खणांच्या कोपऱ्यांना पारव्याच्या शेपटीप्रमाणे टोकाकडे रुंदावत जाणारे दाते असतात. खण पुढे ओढताना त्यावर येणारा ताण हे दाते थेट पेलतात. खण एखाद्या पिढीपुरता टिकणार की अनेक पिढ्या, हे त्याचा कोपरा पाहून सांगता येते.

सुट्या भागांचे फर्निचर ही आधुनिक कल्पना वाटते. परंतु आपल्याकडील मोठे पलंग पूर्वीपासून उकलता येण्यासारखेच असत. खुरांतील खाचांत लांबीच्या व रुंदीच्या पट्ट्या अडकवून पाचरीने आवळल्या, की पलंग उभा राहतो, आणि पाचरी काढल्या की अरुंद जिन्याने माडीवर चढविता येतो. झोपाळ्याची फळी कड्यांवरून उतरविता येते. बदलीची नोकरी करणाऱ्या कुटुंबांच्या सामानात असे उकलते पलंग हमखास आढळत.

कारखानदारीत ही कल्पना प्रथम मोठ्या प्रमाणावर मीखाएल टोनेट (१७९६–१८७१) याने यशस्वी केली. व्हिएन्नातील या कारागिराने बीच झाडाचे लाकूड वाफेत मऊ करून साच्यांत वाकविण्याची पद्धत विकसित केली. त्याची १८५९ मधील ‘क्रमांक १४’ ही खुर्ची लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू व दोन चाक्या यांपासून बने. छत्तीस सुट्या खुर्च्या एक घन मीटर मापाच्या खोक्यात मावत व इष्ट स्थळी पोहोचल्यावर जोडल्या जात. मुंबई–पुण्याच्या इराणी उपाहारगृहांतील वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच परंपरेतील होत. त्यांचे स्क्रू वर्षाकाठी एकदा आवळले, तर या खुर्च्या दीर्घकाळ कुरकुरत नाहीत.

तयार फळ्यांचे फर्निचर : दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपात कृत्रिम फळ्यांचा प्रसार झाला आणि फर्निचरचे स्वरूप पालटले. फळीत ३२ मिमी. अंतरावर ठराविक व्यासाची भोके पाडून त्यांत कप्प्यांचे आधार, बिजागऱ्या व खणांच्या सरकपट्ट्या बसविण्याची पद्धत रूढ झाली. स्वीडनमधील इकिया या १९४३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने १९५६ पासून सपाट खोक्यांत बांधलेले व ग्राहकाने घरी जोडावयाचे फर्निचर विकण्यास प्रारंभ केला. भारतात तिचे पहिले विक्री केंद्र हैदराबाद येथे २०१८ मध्ये आणि महाराष्ट्रातील पहिले नवी मुंबई येथे २०२० मध्ये सुरू झाले. तथापि भारतीय उत्पादकांचे सुटे फर्निचर त्याआधीपासूनच मिळत होते, आणि वस्तू जोडून देण्यास दुकानातील माणूस येण्याची चाल आजही रूढ आहे.

या फर्निचरमधील फळ्या मुख्यतः तीन प्रकारच्या असतात व त्यांची वागणूक एकसारखी नसते. प्लायवुडमध्ये पातळ पापुद्रे एकाआड एक आडव्या-उभ्या तंतूंनी चिकटविलेले असल्याने ते रुंदीने फारसे फुगत वा आकसत नाही व स्क्रू चांगला धरते. ओलाव्याच्या जागी सागरी श्रेणीचे (भारतीय मानक ७१०) प्लायवुड वापरणे श्रेयस्कर असते. लाकडाचा चुरा व कपच्या राळेत दाबून केलेला पार्टिकल बोर्ड सर्वांत स्वस्त, परंतु पाण्यापुढे सर्वांत दुबळा असतो. त्याच्या उघड्या कडेत पाणी शिरले की तो फुगतो आणि वाळल्यावरही मूळ जाडीस परत येत नाही. कारण त्यातील दाबलेल्या कपच्या एकदा सुटल्या, की पुन्हा दबत नाहीत. फरशी पुसताना ओले फडके कपाटाच्या तळाशी नेहमी लागत राहिले, तर दोन-तीन वर्षांत तळाची कड फुगून तिच्यावरील पट्टी सुटते. त्यामुळे असे कपाट जमिनीपासून निदान दोन-तीन सेंटीमीटर उंच पायांवर ठेवावे. लाकडाच्या बारीक तंतूंपासून दाबून केलेल्या मध्यम घनतेच्या फळीचा पृष्ठभाग रंगकामास उत्तम असतो. मात्र तिच्या कडेत जाडीच्या मध्यावर स्क्रू मारल्यास ती पापुद्र्यांप्रमाणे उकलते.

या फळ्यांतील राळेतून फॉर्माल्डिहाइड वायू अल्प प्रमाणात बाहेर पडत राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याची गणना मानवी कर्करोगकारक द्रव्यांत केली. कमी उत्सर्जनाच्या फळ्यांवर ‘ई-१’ अशी श्रेणी नोंदलेली असते. नवे कपाट जोडल्यावर पहिले काही आठवडे त्याची दारे उघडी ठेवून खोलीत वारा खेळता ठेवणे, हा साधा व परिणामकारक उपाय होय. तान्ह्या मुलाच्या खोलीत असे कपाट जोडल्या दिवशीच कपड्यांनी भरून बंद करू नये.

जुळणीची पद्धत : खोके आणल्यावर ते ज्या खोलीत वस्तू ठेवावयाची त्याच खोलीत, शक्यतो दोन-तीन दिवस, आडवे ठेवावे. अस्सल लाकडाच्या वस्तूस तर आठवडाभर द्यावा. त्या अवधीत लाकूड खोलीच्या हवेशी बरेचसे जुळवून घेते. जमिनीवर जाजम पसरून सर्व भाग व स्क्रू मोजून मांडावेत. लांबीत तीन-चार मिलिमीटरांचा फरक असलेले स्क्रू दिसण्यात सारखे असतात, आणि लांब स्क्रू आखूडाच्या जागी गेला तर फळीच्या दर्शनी बाजूने बाहेर पडतो. ते लांबीप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवणे हा घरगुती उपाय पुरेसा आहे.

या कामातील सर्वांत मोठा नियम असा, की सर्व स्क्रू बसेपर्यंत कोणताही स्क्रू पूर्ण आवळू नये. पहिला कोपरा घट्ट आवळला, म्हणजे बाकीचे कोपरे त्याच्या थोड्याशा वाकडेपणाशी जुळवावे लागतात व शेवटचे भोक जागेवर येत नाही. सर्व भाग सैल जोडून वस्तू सपाट जमिनीवर ठेवावी, कर्ण मोजावेत आणि मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळावेत. चौकट काटकोनात आहे की नाही हे गुण्याने तपासण्यापेक्षा दोन्ही कर्णांची लांबी मोजून अधिक अचूक कळते. चार बाजू बरोबर असूनही चौकट तिरपी असू शकते, परंतु समोरासमोरच्या बाजू सारख्या असताना कर्ण समान आले, तर ती तिरपी असूच शकत नाही. त्यासाठी दोरीही चालते. मेजाचा एक पाय अधांतरी राहत असेल, तर तो कापावयास घेण्यापूर्वी मेज दुसऱ्या जागी ठेवून पाहावे. पुष्कळदा दोष फरशीत असतो.

कपाटाच्या पाठीमागची पातळ फळी केवळ धूळ अडविण्यासाठी असते असे समजून काही जण ती चार खिळ्यांवर भागवितात. प्रत्यक्षात कपाट डावीकडे वा उजवीकडे कलू न देण्याचे काम तीच करते. तिच्याविना मोठे कपाट भरल्यावर हळूहळू समांतरभुज चौकोनाचा आकार घेते आणि दारे लागेनाशी होतात. म्हणून प्रथम कर्ण जुळवावेत, नंतर पाठीची फळी चारही कडांनी जवळजवळ खिळ्यांनी ठोकावी.

फळ्या जोडण्यासाठी एका फळीत खिळीसारखा बोल्ट व दुसरीत फिरणारी चकती असते. तिला कॅम म्हणतात. चकतीवरील बाण बोल्टाच्या दिशेस करूनच फळ्या एकत्र आणाव्यात व चकती सुमारे अर्धा फेरा फिरवावी. त्यापुढे जोर लावल्यास तिच्याभोवतीची फळी चुरते. या कामासाठी विजेवर चालणारे पेचकस शक्यतो वापरू नये. हाताला लागणारा विरोध वाढला, की थांबावयाचे, हे हाताने लगेच कळते. यंत्राने ते कळेपर्यंत भोक वाया गेलेले असते. सोबत आलेल्या लाकडी खुंट्यांना सरस लावल्यास कपाट पुष्कळच बळकट होते. मात्र मग ते उकलता येत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी सरस न लावणे बरे. पार्टिकल बोर्डचे कपाट तीन-चार वेळा उकलून जोडले, तर भोके सैल होतातच.

अस्सल लाकडात स्क्रू मारताना आधी बारीक भोक पाडणे आवश्यक असते. त्याचा व्यास स्क्रूच्या मळसूत्रामधील गाभ्याइतका असावा. स्क्रूस किंचित मेण चोळल्यास तो सहज आत जातो. साग व बाभूळ यांसारख्या लाकडांत लोखंडी स्क्रू दमट हवेत गंजतो व भोवती काळा डाग उमटतो. तेथे पितळी वा बेगंजी पोलादाचे स्क्रू योग्य ठरतात. मेजाचा फळा चौकटीस जोडताना स्क्रूची भोके फळ्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवली, तर फळ्यास हालचाल करण्यास वाव मिळतो.

उंच कपाट भिंतीस जखडणे हा जुळणीचा अखेरचा व आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. खणांचे कपाट मोकळे असताना स्थिर वाटते. परंतु तीन-चार खण एकाच वेळी बाहेर ओढले किंवा मूल उघड्या खणांवर पायऱ्यांप्रमाणे चढले, म्हणजे गुरुत्वमध्य पुढच्या पायांच्या बाहेर जातो व कपाट उलटते. अमेरिकेत अशा अपघातांत लहान मुले दगावल्यानंतर २०१६ मध्ये सु. २ कोटी ९० लक्ष कपाटे परत मागविण्यात आली, आणि २०२३ पासून तेथे कपाटांच्या स्थिरतेची चाचणी कायद्याने बंधनकारक झाली. सोबत मिळणारी कोनपट्टी फालतू समजून खोक्याबरोबर टाकून दिली जाते. ज्या घरात लहान मूल आहे, तेथे ती बसविल्याशिवाय जुळणी पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही. विटांच्या भिंतीत गिलाव्यापलीकडे विटेपर्यंत पोहोचणारा प्लग बसवावा. नुसत्या गिलाव्यातील खिळा प्रसंगी कपाटाबरोबर निघून येतो. जड वस्तू खालच्या खणांत ठेवाव्यात.

सैल सांध्यांची दुरुस्ती : खुर्ची डगमगू लागली, की तिच्या सांध्यांत खिळा ठोकणे हा सर्वांत प्रचलित व सर्वांत घातक उपाय आहे. खिळ्याने कुसू फाटते, सांधा पुन्हा सैल होतो आणि पुढच्या वेळी तो स्वच्छ उकलताही येत नाही. योग्य पद्धत अशी : सांधा लाकडी हातोड्याने हळुवार ठोकून पूर्ण उकलावा, जुना सरस खरवडून लाकूड उघडे करावे, कुसू झिजले असेल तर त्यावर त्याच जातीच्या लाकडाचा पातळ ढलपा चिकटवून ते खाचेत घट्ट बसेलसे करावे, नंतर नवा सरस लावून शिकंज्याने, आणि तो नसल्यास दोरीचा फास काठीने पिळून, सांधा आवळून ठेवावा. जुन्या सरसावर नवा सरस धरत नाही, कारण लाकडाच्या रंध्रांत शिरण्यास त्याला वाट उरत नाही. हा एक टप्पा गाळल्यामुळे बहुतेक घरगुती दुरुस्त्या फसतात.

पूर्वी सुतार कातडी व हाडे उकळून केलेला सरस गरम करून वापरीत. भारतात १९५९ पासून फेव्हिकॉल या नावाने मिळणाऱ्या पांढऱ्या संश्लेषित आसंजकाने त्याची जागा जवळजवळ पूर्णपणे घेतली. तो थंडच वापरता येतो व सांध्यास उत्तम बळ देतो. त्याने जोडलेला सांधा निदान तासभर दाबाखाली व एक दिवस भाराविना ठेवावा. जुन्या सरसाचा एक गुण मात्र त्यात नाही. जुना सरस ऊब व ओल दिली की सुटतो, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची खुर्ची लाकडास इजा न करता उकलता येते. वडिलोपार्जित किंवा संग्राह्य वस्तूच्या दुरुस्तीसाठी म्हणून आजही जुना सरसच वापरणे योग्य होय.

अडकणारा खण पावसाळ्यात रंधू नये. तोच खण माघ–फाल्गुनात आकसून खडखडू लागतो आणि रंधून गेलेले लाकूड परत येत नाही. तूर्त त्याच्या घासणाऱ्या कडांस मेणबत्ती चोळावी. कोरड्या ऋतूतही तो अडकत राहिला, तरच पातळ रंधा फिरवावा.

पृष्ठभागाची निगा : निगा कशी राखावी हे लाकडापेक्षा त्यावरील लेपावर अवलंबून असते. जुन्या सागवानी व शिसवी फर्निचरवर बहुधा लाखेचे, फ्रेंच पॉलिश या नावाने ओळखले जाणारे पॉलिश असते. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून ते द्रावण कापसाच्या बोळ्याने अनेक पातळ थरांत चढवितात. झारखंड व छत्तीसगढ ही भारतातील लाखेची प्रमुख उत्पादक राज्ये आहेत. नव्या वस्तूंवर मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन यांचा कठीण थर असतो. लेप कोणता हे ओळखण्यास न दिसणाऱ्या जागी स्पिरिटमध्ये भिजविलेला कापूस मिनिटभर ठेवावा. जागा चिकट झाल्यास ते लाखेचे पॉलिश होय, कारण कठीण लेपांवर स्पिरिटचा सहसा परिणाम होत नाही.

ही परीक्षा केवळ कुतूहलाची नव्हे. करोनाच्या साथीत, २०२० पासून, अल्कोहोलयुक्त जंतुनाशके घरोघर आली. लाखेचे पॉलिश अल्कोहोलमध्ये विरघळत असल्यामुळे जुन्या मेजांवर व खुर्च्यांच्या हातांवर ती फवारल्यास पॉलिश उतरून पांढुरके चट्टे पडतात. गरम चहाचा पेला किंवा पाण्याचा ओघळ यानेही लाखेवर पांढरे वर्तुळ उमटते. हा थरात अडकलेला ओलावा असतो. असा ताजा डाग कोरड्या हवेत काही दिवसांत आपोआप फिकट होतो किंवा मेण चोळल्याने जातो. काळा डाग मात्र लाकडात खोल उतरलेला असतो व तो पुसून निघत नाही. पावसाळ्यात लाखेचे पॉलिश करूच नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प जमते व सारा थर दुधाळ होतो. चांगले कारागीर हे काम दिवाळीनंतर हाती घेतात.

रोजच्या सफाईस मऊ कोरडे फडके पुरते. ओले फडके पिळून वापरावे व लगेच कोरड्याने पुसावे. वर्षातून एक-दोनदा मधमाश्यांचे मेण टर्पेंटाइनमध्ये मऊ करून त्याचा अगदी पातळ हात द्यावा. मेण लाकडाचे ‘पोषण’ करते, असे जाहिरातींत म्हणतात. मृत पेशींच्या ऊतकास पोषणाची गरज नसते. मेण फक्त लेपाचे रक्षण करते व ओरखडे झाकते. खोबरेल वा अन्य न वाळणारे तेल चोळल्यास लाकूड तात्पुरते तजेलदार दिसते, परंतु ते तेल चिकट राहून धूळ धरते व दमट हवेत त्यावर बुरशी येते. जवसाचे तेल मात्र हवेत वाळून थर धरते, म्हणून ते लाकडावर वापरले जाते. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, ती बोळ्यात साठत जाते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

गोव्यातील व कोकणातील जुन्या घरांत वेताने विणलेल्या बैठकीच्या खुर्च्या आढळतात. बैठक सैल होऊन खाली झोळली, तर वीण लगेच बदलण्याचे कारण नाही. खालच्या, बिनचमकीच्या बाजूने कोमट पाण्याचे फडके फिरवून वेत भिजवावा व खुर्ची सावलीत वाळू द्यावी; वाळताना वेत आकसून वीण पुन्हा ताणली जाते. तुटलेल्या विणीस मात्र हा उपाय चालत नाही.

कीड : साग टिकतो तो त्याच्या मध्यकाष्ठातील, म्हणजे खोडाच्या गडद गाभ्यातील, टेक्टोक्विनोनादी द्रव्यांमुळे. बाहेरचे फिकट रसकाष्ठ इतर कोणत्याही लाकडाइतकेच किडीस बळी पडते. आलापल्ली–बल्लारपूर भागातील साग उत्कृष्ट समजला जातो. तरी त्याच्याही फळीत पांढरी पट्टी असेल, तर तेवढी पट्टी पोखरली जाण्याचा धोका असतोच. सागवानास कीड लागत नाही, या समजुतीचा फायदा घेऊन रसकाष्ठयुक्त माल रंग देऊन खपविला जातो. खरेदीच्या वेळी पाठीमागची, पॉलिश न केलेली बाजू पाहावी.

वाळवी बहुधा जमिनीतून मातीच्या नळ्या बांधीत येते. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवले व त्याच्या मागे महिन्यातून एकदा नजर टाकली, तर नळ्या वेळीच दिसतात. नुसत्या नळ्या मोडून उपयोग होत नाही; वारूळ जमिनीत असल्याने उपचार घराच्या पायाशी व्हावा लागतो आणि ते काम परवानाधारक तज्ञाकडून करून घ्यावे. पूर्वी यासाठी वापरली जाणारी आल्ड्रिन व डीलड्रिन ही कीटकनाशके भारतात आता वर्ज्य आहेत. माळ्यावर जुना डबा सापडल्यास तो वापरू नये.

लाकूड पोखरणाऱ्या किडींची ओळख खाली पडलेल्या भुशावरून पटते. भुसा पिठासारखा मऊ असेल व भोके एक-दोन मिलिमीटर व्यासाची असतील, तर तो रसकाष्ठातील पिष्टावर जगणाऱ्या भुंगेऱ्यांचा उपद्रव होय. आंब्याच्या लाकडास तो विशेष होतो. बोटांत चोळता खसखशीसारखे कण लागत असतील, तर ती जमिनीशी संबंध न ठेवता लाकडातच राहणारी, मुख्यतः किनारपट्टीत आढळणारी वाळवी समजावी. वस्तू उन्हात ठेवल्याने दोन्ही किडी मरतात असा विश्वास आहे. परंतु त्यासाठी लाकडाचा गाभा ५५°–६०° से. पर्यंत तापावा लागतो आणि जाड पायाचा गाभा उन्हात तितका तापत नाही. पॉलिश मात्र उडते. पॉलिश न केलेल्या लाकडावर टाकणखार व बोरिक अम्ल यांच्या कोमट द्रावणाचे दोन-तीन हात दिल्यास ते आत झिरपून रसकाष्ठाचे रक्षण करते. पॉलिश केलेल्या लाकडात हे द्रावण शिरत नाही. तेथे कीटकनाशक प्रत्येक भोकात पिचकारीने सोडावे लागते. उपचारानंतर सर्व भोके रंगीत मेणाने बुजवावीत व भुसा झाडून टाकावा. पुढील वर्षभरात नवे भोक किंवा नवा भुसा दिसला, तरच कीड जिवंत आहे असे समजून उपचार पुन्हा करावा. जुन्या भोकांतून हलवाहलवीच्या वेळी थोडा भुसा पडत राहतो, त्यावरून घाबरण्याचे कारण नसते.